आत्याला दाखवलेला अंगठा

मी आत्याला अंगठा दाखवला, ही बातमी मिरजेहून निघाली, सांगली, कोल्हापूर, डोंबिवली करत पुण्याला आमच्याच घरी आली, आणि तिथून आईच्या फोनने माझ्यापर्यंत पोचली तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये पोहे खात होतो. ज्याने अंगठा दाखवला त्याला सगळ्यात शेवटी कळलं.

“काय रे, आत्याला अंगठा दाखवलास म्हणे?” आईचा आवाज मी सहावीत शेजाऱ्यांच्या कैऱ्या पाडल्या होत्या तेव्हाचा होता.

घडलं ते इतकंच. मंगळवारी सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये साहेब भिंतीवर आलेख दाखवत होते, आणि टेबलाखाली माझा फोन थरथरला. आत्याचा मेसेज. आत्या शहात्तर वर्षांची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. फोनच्या कीबोर्डवर तिला ‘क्ष’ सापडत नाही आणि ‘क्ष’शिवाय ‘क्षेम’ लिहिता येत नाही, म्हणून नातवाने तिला फोनशी बोलून लिहायला शिकवलं आहे. फोन ऐकतो ते सगळं लिहितो. तेव्हा मेसेज असा होता:

“चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद येथील सर्व क्षेम तुमच्याकडील कळवावे विशेष म्हणजे तुझ्या आतोबांना येत्या वैशाखात एक्याऐंशी पूर्ण होत आहेत तरी सहस्रचंद्रदर्शन करायचे घाटत आहे अहो तो पंखा बंद करा माझा आवाज जात नाही तर कार्यक्रम घरीच आहे अर्धा लिटरच दे उद्या एक दे तू सहकुटुंब दोन दिवस आधी यावेस किती जण येणार ते उलट टपाली कळवावे आचाऱ्याला सांगायचे आहे लहानांस आशीर्वाद कळावे लोभ आहेच तो वाढावा ही विनंती झालं का हो गेलं का कुठे दाबू”

मी ‘सहस्रचंद्रदर्शन’पर्यंत वाचलं. चांगली बातमी आहे हे कळलं, आणि तेवढ्यात साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताच्या अंगठ्याने स्क्रीनवरचा अंगठा दाबला आणि मी आलेखाकडे वळून गंभीर झालो. मनात म्हटलं, आत्याला लगेच उत्तर दिलं. बरा भाचा आहे मी.

आता हा अंगठा ज्याने कुणी पहिल्यांदा काढला, त्याला मराठी येत नसणार. त्याच्याकडे वर केलेला अंगठा म्हणजे ‘उत्तम, चालेल, शाब्बास’. आपल्याकडे अंगठ्याला कधीच बरे दिवस नव्हते. शिकला नाही तो अंगठेबहाद्दर. अंगठा उठवला की सावकाराने जमीन गिळलीच. एकलव्याने तर गुरुदक्षिणेत तोच गमावला. आणि ऐन वेळी कुणी टांग मारली की आपण म्हणतो, त्याने अंगठा दाखवला. चाळीस वर्षं मुलांकडून वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करून घेणाऱ्या बाईला मी तोच पाठवला होता. तिने अर्थ लावला आणि वाक्यातही उपयोग केला: “मी एवढं सविस्तर लिहिलं, आणि भावाच्या मुलाने मला अंगठा दाखवला.”

मी आईला पटवायचा प्रयत्न केला. “आई, कॅनडात यावर खटला झालाय. सस्कॅचवान प्रांतात. 2021 मध्ये धान्याच्या एका खरेदीदाराने शेतकऱ्याला 86 टन जवसाच्या कराराचा फोटो फोनवर पाठवला आणि कळव म्हटलं. त्याने असाच अंगठा पाठवला. जवस काही दिलं नाही. कोर्टात म्हणाला, अंगठा म्हणजे करार मिळाला एवढंच, मी कबूल कुठे केलं? 2023 मध्ये न्यायाधीश म्हणाले, अंगठा म्हणजे सहीच. 82 हजार डॉलर भरायला लागले त्याला. म्हणजे कायद्याने मी आत्याला ‘हो’ म्हणालोय!”

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “त्याच्या समोर व्यापारी होता. तुझ्या समोर आत्या आहे.” आणि फोन ठेवला.

खरं म्हणजे आमच्या घराण्याला मेसेजचा इतिहास मुळातच चांगला नाही. जगातला पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 ला इंग्लंडमध्ये गेला, त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या आणि त्यावरून कुणाचं भांडण झाल्याची नोंद नाही. आमच्याकडे तो दहा-बारा वर्षांनी आला आणि पहिल्याच महिन्यात घोळ झाला. त्या मेसेजला 160 अक्षरांची मर्यादा असे. हिलेब्रांट नावाच्या जर्मन अभियंत्याने 1985 मध्ये टाइपरायटरवर वाटेल ती वाक्यं लिहून अक्षरं मोजली आणि ठरवलं की माणसाला जे सांगायचं असतं ते 160 मध्ये बसतं. भला माणूस, पण त्याला आमची आत्या भेटलेली नव्हती. देवनागरीत लिहिलं तर तीच मर्यादा 70 वर यायची. सत्तरात आत्याचा जेमतेम मायनाच बसतो. वर काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळं अक्षर म्हणून मोजायचे, म्हणजे आपण ‘की’ लिहिलं तर दोन गेले.

म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागले. त्यात वडा आणि वाडा यांत फरक करायची काही सोय नव्हती. दादाने वाडा विकला, असं चुलतभावाने कळवलं, आणि आई दोन दिवस हळहळत होती, की एवढं इंजिनिअर झालेलं पोर, वडे विकायची काय वेळ आली. तिने त्याला धीर देणारा फोनही केला. “कुठलंही काम हलकं नसतं रे,” म्हणाली. वाड्याच्या पैशांवरून आधीच कानकोंडा झालेल्या दादाला तो टोमणा वाटला. पुढची तीन वर्षं त्यांच्याकडून दिवाळीचा फराळ आला नाही.

आणि हो, हल्लीची मुलं शब्द तोडून लिहितात म्हणून जे कपाळाला हात लावतात, त्यांनी आपल्या आजोबांची पत्रं काढून बघावीत. ‘ती. दादांस शि. सा. न. वि. वि.’ हे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष आहे, हे आज माझ्या मुलीला सांगितलं तर तिला तो एखादा पासवर्ड वाटेल. चि., सौ., मु. पो., ता. क., सगळं तोडूनच. फरक इतकाच, की ते शि. सा. न. कुणी मीटिंगमध्ये टेबलाखालून घातलेलं नसायचं.

तर मी दुरुस्तीला लागलो. अंगठ्याने बिघडलं ते हातांनी सुधारावं म्हणून जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मला म्हणायचं होतं, चुकलो, नमस्कार करतो. दहा मिनिटांत आतेबहिणीचा मेसेज: “अरे, आधी अंगठा, आता कोपरापासून नमस्कार? आई म्हणते, एवढा काय तिटकारा आलाय आमचा?”

मग ठरवलं की चित्रं बंद, शुद्ध मराठीत लिहायचं. मी लिहिलं, “आत्या, रागावू नकोस. आतोबांच्या कार्याला आम्ही सगळे नक्की येतो.” पाठवलं. पाठवल्यावर वाचलं. फोनने ‘आत्या’च्या जागी आपल्या मनाने ‘आत्मा’ बसवला होता. “आत्मा, रागावू नकोस. आतोबांच्या कार्याला आम्ही सगळे नक्की येतो.” हे कोणत्या कार्याचं आमंत्रण वाटतं ते मी सांगायला नको. ऐंशी पार केलेल्या, धडधाकट, रोज कृष्णेच्या घाटापर्यंत चालून येणाऱ्या माणसाबद्दल हे.

घाम फुटला. व्हॉट्सॲपवर 2023 पासून पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो, हे त्या क्षणी आठवलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मी तो पुसला. पुसण्याची सोय 2017 पासून आहे, पण ती सोय करणाऱ्यांनी खोडसाळपणा असा केला आहे, की मेसेज जातो आणि इथे काहीतरी होतं, ते पुसलं, अशी पाटी मागे राहते. भिंतीवर लिहिलेलं खोडून शेजारी ‘इथे काहीतरी वाईट लिहिलं होतं’ असं लिहावं तसं. पुन्हा आतेबहीण: “काय लिहून पुसलंस? आई म्हणते, पुसण्यासारखं होतं म्हणूनच पुसलं ना?”

फोन केला. उचलला नाही. तीनदा केला. तिसऱ्या फोननंतर आत्याचा मेसेज आला: “आता बोलता येत नाही मालिका लागली आहे आवाज वाढवा हो”.

शनिवारी कोयना एक्स्प्रेस पकडली आणि मिरजेला गेलो. कित्येक तास खिडकीशी बसून एका अंगठ्याचं काय काय होऊ शकतं याचा विचार केला. किर्लोस्करवाडी गेल्यावर तर मी समोरच्या बाईंनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझ्या सुनेने मला ‘ठीक’ एवढंच लिहिलं होतं. ‘ठीक आहे’ नाही. ‘ठीक.’ पुढे टिंब.” आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी पुढचं विचारलं नाही.

आतोबा ओसरीवर झोपाळ्यावर होते. आतोबा तारखात्यात होते, आयुष्य कट्ट-कडकट्ट करण्यात गेलं. 15 जुलै 2013 ला देशातली तारसेवा बंद झाली, त्या दिवशी ते जेवले नव्हते म्हणतात. तारेत शब्दाला पैसे पडायचे, त्यामुळे फुकटसुद्धा फार बोलायची त्यांना सवय नाही. शुभेच्छांच्या तारांना तर नुसते आकडे असत. एक नंबर म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, आठ नंबर म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी. समोरच्या ऑफिसात आठ गेला की तिकडचा माणूस अख्खं वाक्य लिहून काढायचा. आत्या म्हणते, “लग्नाच्या रात्री हे मला ‘आठ नंबर’ म्हणाले. मला वाटलं, खोलीचा नंबर सांगताहेत.”

मी पाया पडलो. आतून आत्या आली, मला बघून थांबली, आणि माझ्याशी न बोलता आतोबांना म्हणाली, “आले वाटतं अंगठेबहाद्दर.”

“अगं,” आतोबा झोपाळा न थांबवता म्हणाले, “ती पोच होती.”

“त्यालाच तर पोच नाही!”

तारमास्तरांची ‘पोच’ म्हणजे मिळाल्याची पावती, आत्याची ‘पोच’ म्हणजे अक्कल. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्हींच्या मध्ये मी हातात चितळ्यांच्या बाकरवडीचा पुडा घेऊन उभा. आत्याने पुडा घेतला. म्हणाली, “चहा टाकते. हात-पाय धू.” माझा श्वास खाली बसला.

चहाबरोबर तिने एक वही आणली. शंभरपानी, वर शाळेत लावतात तसं खाकी कव्हर. आत सुवाच्य अक्षरात नातेवाइकांची यादी, प्रत्येकापुढे आलेलं उत्तर. मला वाटलं होतं, असा कृतघ्न मी एकटाच. पण यादीत खाली खाली अंगठा, अंगठा, अंगठा. कोल्हापूर, अंगठा. डोंबिवली, अंगठा. इचलकरंजीची दोन्ही घरं, अंगठा. नाशिकच्या मावसभावाने अंगठ्यासोबत नाचणारी बाई पाठवली होती, तिच्यापुढे आत्याने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

“बावीस अंगठे,” आत्या म्हणाली. “घरटी चार माणसं धर. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी. दीडशे पानं सांगितली होती, परवा आचाऱ्याला फोन करून बासष्ट केली.”

“आत्या! ते सगळे येणार आहेत!”

“कोण म्हणतं?”

“अंगठा म्हणतो!”

“दाखव कुठे लिहिलंय.”

कॅनडाचा न्यायाधीश मिरजेत आणता आला असता तर आणला असता. मी बावीस जणांना फोन लावायला बसलो. डोंबिवलीने उचलला नाही, लगेच मेसेज केला, “बोल.” मी पुन्हा फोन केला. पुन्हा, “बोल ना.” कोल्हापूरने लिहिलं, “लोकलमध्ये आहे.” कोल्हापुरात लोकल नाही. इचलकरंजीच्या दोन्ही घरांनी फोन उचलला, पण एकमेकांचं विचारायला. सातव्या फोनानंतर मी नाद सोडला आणि खानदानाच्या ग्रुपवर ठळक अक्षरांत लिहिलं, “आत्या विचारते आहे, वैशाखातल्या कार्यक्रमाला येणार की नाही? कृपया शब्दात लिहा.”

आत्या चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत उभी राहिली. पाच मिनिटांत माझ्या त्या मेसेजखाली एक अंगठा उगवला. मग चार झाले. मग अकरा. चहा निवेपर्यंत एकोणीस. आत्याने काही म्हटलं नाही. वहीत प्रत्येकापुढे दुसऱ्यांदा अंगठा लिहिला. दोघांनी ‘ओके’ लिहिलं, त्यावर ती “ओके म्हणजे येतो की कळलं?” असं मला नाही, आतोबांना विचारून आली.

मी म्हटलं, “आत्या, जबाबदारी माझी. एकही पान उरणार नाही, उरलं तर मी खाईन. आचाऱ्याला दीडशे सांगतो.” बराच वेळ माझ्याकडे बघून ती म्हणाली, “बरं. सांग.” आचारी जुना, माझ्या मुंजीला त्यानेच जेवण केलं होतं. त्याचा फोन सारखा लागेना, कुठल्या तरी लग्नात असेल. मी त्याला मेसेज केला, “मामा, वैशाखातल्या कार्यक्रमाची पानं बासष्ट नाही, पहिल्यासारखी दीडशे. जमेल ना?”

तिघेही फोनकडे बघत बसलो. आतोबांनीसुद्धा झोपाळा थांबवला होता. निळ्या खुणा झाल्या. उत्तर आलं.

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि नीट पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “आचारीपण येत नाही म्हणतो.”