‘नोकरी लागेपर्यंत हप्ता नाही’ हे कुठल्या बँकेने सांगितलं?

बारावीचा निकाल लागला की हा फॉरवर्ड दरवर्षी उगवतो. यंदा तो आमच्या ताईने पाठवला, वर एक ओळ जोडून: "बघ, तू उगाच पोरीला घाबरवतेस." भाचीला मास मीडिया करायचंय, खासगी विद्यापीठाची फी वर्षाला ३ लाख आहे आणि भाऊजी शिक्षणकर्जाचा फॉर्मही घेऊन आलेत. त्यामुळे नेहमीसारखा हात जोडलेला इमोजी टाकून गप्प बसता येईना.

फॉरवर्डचं म्हणणं असं: मीडियात सरासरी पॅकेज ८ लाख. कर्जाला तारण लागत नाही. नोकरी लागेपर्यंत हप्ता नाही. व्याजावर पूर्ण करसवलत. आणि पदवीधर कधी उपाशी राहत नाही. शेवटी अर्थातच ‘१० पालकांना पाठवा’.

आधी हप्त्याचंच बघू, कारण घरं बुडतात ती इथे. बँक तुमच्या नोकरीची वाट पाहत बसत नाही. बँकांच्या संघटनेची, म्हणजे आयबीएची, जी आदर्श शिक्षणकर्ज योजना आहे, तिच्यात सवलतीचा काळ असतो अभ्यासक्रम अधिक एक वर्ष. ते वर्ष सरलं की हप्ता सुरू, मग मुलगी न्यूजरूममध्ये असो की घरी बसून सीव्ही पाठवत असो. बेकारीत मुदत वाढवून मिळू शकते, हे खरं. पण ती अर्ज करून मागावी लागते, बँकेने मान्य करावी लागते आणि व्याज तेव्हाही चढतच असतं.

ताई, आता कागद घे. ३ वर्षांचे ३-३ लाख, एकूण ९. व्याज सरळ १० टक्के धरू, हिशेबाला सोपं. पहिल्या ३ लाखांवर हप्ता सुरू होईपर्यंत ४ वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर ३ वर्षांचं, तिसऱ्यावर २ वर्षांचं: १ लाख २० हजार, ९० हजार, ६० हजार. झाले २ लाख ७० हजार. हे मधल्या काळात भरलं नाही तर मुद्दलात जमा होतं. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच ९ लाखांचे ११ लाख ७० हजार झाले. १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १५,४६०. १५ वर्षं घेतली तर हप्ता साडेबारा हजारांवर येतो, पण एकूण भरणा साडेबावीस लाखांच्या वर जातो.

आता दुसऱ्या बाजूला पगार. आमच्या डेस्कवर गेल्या वर्षी जी प्रशिक्षणार्थी उपसंपादक मुलं आली, त्यांच्या हातात महिना १८ ते २२ हजार पडतात. पीआर एजन्सीत गेलेल्यांना चार-पाच हजार जास्त. तालुक्याच्या वार्ताहराचं तर बोलायलाच नको, त्याला बातमीपेक्षा वर्धापनदिनाच्या पुरवणीच्या जाहिराती जास्त गोळा कराव्या लागतात. २० हजारांतून साडेपंधरा हजार गेले की मुंबईत कॉटबेसिसवर राहायचं भाडंही निघत नाही. भाऊजी सांगलीहून रोज डबा पाठवणार आहेत का? आणि त्या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही भाऊजींचीच असते. हप्ता चुकला की सिबिल दोघांचाही खराब होतो. उद्या धाकट्यासाठी कर्ज काढायला गेलात की बँक हाच उतारा समोर ठेवेल.

पदवीधर उपाशी राहत नाही, यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या ‘स्टेट ऑफ वर्किंग इंडिया’ अहवालात पदवीधरांची बेकारी पस्तिशीनंतर ५ टक्क्यांच्याही खाली येते. पण त्याच अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमध्ये ती ४२ टक्क्यांवर आहे. हे आकडे सगळ्या शाखांचे आहेत, एकट्या मीडियाचे नाहीत. तरी मुद्दा तोच: नोकरी मिळते, पण उशिरा, आणि हप्ते नेमके त्या आधीच्या वर्षांत येतात. आमच्या क्षेत्रात पुढे पगार वाढतात, कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये गेलेले तर मजेत आहेत. पण बँक ३५ व्या वर्षापर्यंत थांबत नाही.

तारण नाही, हे साडेसात लाखांपर्यंत बरोबर. आपण ९ लाखांचं बोलतोय. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण, विनाजामीन कर्ज आहे आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूटही. पण ती निवडक संस्थांनाच, योजना आली तेव्हा यादीत ८६० होत्या. भाचीचं विद्यापीठ त्यात आहे का, हे फॉर्म भरायच्या आधी बघा.

करसवलतीचं एका ओळीत: प्राप्तिकरात शिक्षणकर्जाच्या फक्त व्याजाची वजावट मिळते, ती ८ वर्षं, आणि तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. वर्षाला अडीच लाख कमावणाऱ्या पोरीला मुळात कर लागत नाही, तर सवलत कशावर घेणार?

राहिलं ते ८ लाखांचं पॅकेज. सरासरी हा फसवा आकडा. एक जण वडिलांच्या जाहिरात कंपनीत २५ लाखांवर लागला की सगळ्यांची सरासरी वर जाते. ज्या संस्था एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत उतरतात, त्यांना किती विद्यार्थी घेतले, किती वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार, म्हणजे सगळे पगार ओळीने मांडले तर मधोमध येणारा, किती, हे सगळं कळवावं लागतं. तो तक्ता संस्थेच्या वेबसाइटवर असतो. तीन वर्षांच्या सगळ्या पदव्या त्यात एकत्र असतात, पण माहितीपत्रकातल्या हसऱ्या फोटोंपेक्षा तो बरा.

भाचीच्या विद्यापीठाच्या साइटवर मला तो सापडला नाही. म्हणून फोन लावला आणि मास मीडियाच्या मुलांचा मध्यक पगार विचारला. समुपदेशक बाई म्हणाल्या, "मॅडम, सीट्स भरत आल्यात. आधी ५० हजार भरून टाका, मग प्लेसमेंट सेलशी बोलणं करून देते."

ताई, भाऊजींना म्हणावं फॉर्म अजून देऊ नका.