निळ्या शेपटीत विष नसते

निळ्या शेपटीच्या सापसुरळीचे छायाचित्र सध्या पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. सोबतच्या मजकुरानुसार ती पुण्याच्या टेकड्यांवर वाढली असून तिचा स्पर्शही जीवघेणा आहे, ती खाणारे मांजर मरते आणि म्हणून ती दिसताच मारावी.

काळ्या अंगावर तीन सोनेरी रेषा असलेली ही सापसुरळी म्हणजे एमोइया सिरुलिओकॉडा. फिलिपिन्स, न्यू गिनीपासून फिजीपर्यंतच्या बेटांवर, किनाऱ्यालगतच्या झाडीत ती राहते; वेताळ टेकडीशी तिचा काहीही संबंध नाही.

सापसुरळीला विषग्रंथीच नसतात, त्यामुळे चाव्याने वा स्पर्शाने विषबाधा होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ‘सापाची मावशी’ हे नाव तिला मिळाले ते गुळगुळीत अंगामुळे आणि सरपटण्याच्या ढबीमुळे.

मांजराविषयीच्या विधानाची मात्र नीट छाननी केली पाहिजे, कारण त्यामागे खरा आजार आहे. उष्ण प्रदेशांत प्लॅटिनोसोमम नावाचा चपटा कृमी आधी गोगलगायीत, मग जमिनीवरच्या लहान कवचधारी जीवांत आणि त्यांना खाणाऱ्या पाली-सरड्यांत जातो. असा सरडा मांजराने खाल्ला की हा कृमी मांजराच्या पित्तनलिकांत वाढतो. बऱ्याच मांजरांत लक्षणे दिसतही नाहीत. संसर्ग जास्त असेल तर भूक मंदावते, वजन घटते, कावीळ होते. कारण परजीवी आहे, विष नव्हे, आणि त्यावर पशुवैद्यकाकडे औषध आहे.

निळा रंगही विषाची खूण नाही. शिकाऱ्याची झडप डोक्याऐवजी शेपटीवर पडावी, यासाठी तो उपयोगी पडतो. शेपटीच्या मणक्यांत आधीपासूनच कमकुवत जागा असतात. तेथून ती तुटते आणि तुटल्यावरही वळवळत राहते. पुढे नवी शेपटी येते, पण तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो.

माझी खरी काळजी ‘दिसताच मारा’ या वाक्याची आहे. पुण्यात ठिपकेदार सापसुरळीच्या पिल्लांची शेपटी लालभडक असते, आणि हा मजकूर वाचून घाबरलेला माणूस निळा-लाल पाहत बसणार नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या पायरीवर मांजराच्या पंजाखाली अशीच एक बोटाएवढी लाल शेपटी वळवळताना मी पाहिली. मांजर तिच्याशी खेळण्यात गुंतले होते आणि पिल्लू तेवढ्यात कुंडीखालच्या फटीत शिरले होते.