एक स्टार दिलात त्याचं उत्तर: मीटरचं नंतर, आधी ती पी-लीड जोडा

सर, स्टँडवरच्या विमानाच्या इंजिनाला लावलेल्या आमच्या आरपीएम मीटरचा (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा) रिव्ह्यू वाचला. "मीटर डबल दाखवतो, मॅग चेकला शून्य होतो, वर डावा मॅग्नेटो उडवला, मीटर काढल्यावर इंजिन मस्त चाललं, पैसे परत करा" असं लिहिलंय तुम्ही. पैशाचं खाली सांगतो, आधी सोबत टाकलेल्या फोटोचं बोलू, कारण तो बघून मला घामच फुटला. आमची वायर काढताना तुमच्या पोरांनी डाव्या मॅगवरची (मॅग म्हणजे मॅग्नेटो, प्लगला ठिणगी देणारा) पी-लीडपण, म्हणजे मॅगपासून चावीकडे जाणारी वायर, काढलीय आणि टोकाला काळी टेप गुंडाळून लोंबकळत सोडलीय. म्हणजे चावी ऑफ असली तरी तो मॅग आत्ता जिवंत आहे. कारमध्ये इग्निशनची वायर काढली की गाडी बंद पडते, मॅग्नेटोचं उलटं, तो स्वतःची वीज स्वतःच बनवतो आणि चावी त्याला फक्त अर्थ करून गप्प बसवते, जुन्या स्कूटरला बंद करायचं बटण असायचं ना, तसंच. आणि तुमच्या ओ-320 इंजिनाच्या डाव्या मॅगला बहुतेक वेळा इम्पल्स कपलिंग (स्प्रिंगने मॅगला झटका देणारा भाग) असतं, पातं हाताने हळू फिरवलं तरी कट्ट करून ठिणगी पडते. सिलिंडरमध्ये थोडं इंधन उरलेलं असलं की झालं. प्लीज आजच जोडून घ्या आणि तोपर्यंत कुठल्याच पोराला प्रोपेलरजवळ जाऊ देऊ नका, स्टँडवर पाटी लावा.

आता डबलचं. मीटर फेरे मोजत नाही हो, तो ठिणग्या मोजतो. चार सिलिंडर फोर स्ट्रोक म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यात एका मॅगच्या चार ठिणग्या, म्हणजे फेऱ्याला दोन. मेन्यूमध्ये फेऱ्याला 2 पल्स (म्हणजे ठिणग्या) टाकायचे होते, तुमचं सेटिंग 1 वर राहिलं, त्यामुळे 1800 ला 3600 दिसलं. ज्या इंजिनची रेड लाइनच (कमाल फेऱ्यांची मर्यादा) 2700 आहे त्यावर 3600 दिसल्यावर कोणीही घाबरणारच, त्यात तुमची चूक नाही.

मॅग चेकला शून्य, ते तर व्हायलाच हवं, कारण तुम्ही फक्त डाव्या मॅगला वायर दिलीय. चावी R (फक्त उजवा मॅग) वर नेली की डावा अर्थ होतो, पल्स बंद, आकडा गायब. इंजिन चालूच असतं बरं का, कानाने कळतं. पण मग ड्रॉप, म्हणजे एकाच मॅगवर फेरे किती घटतात ते, वाचणार कसा, ड्रॉप 175 च्या आत आहे का आणि दोन मॅगमध्ये 50 पेक्षा जास्त फरक नाही ना हे बघायलाच तर तो चेक असतो. म्हणून मागे दोन इनपुट दिलेत, 1 डाव्याला, 2 उजव्याला.

राहिला "उडालेला" मॅग्नेटो. उडालेला नाही सर, झोपवला होता. फोटो मोठा करून बघा, क्लँपखाली आमच्या वायरचं इन्सुलेशन सोललंय आणि तांबं फ्रेमला टेकलंय. पी-लीडला जोडलेली वायर फ्रेमला टेकली म्हणजे चावीने बंद केल्यासारखंच झालं. वायर काढली, शॉर्ट गेला, इंजिन परत चाललं, आणि बिल फाटलं मीटरच्या नावावर.

पण हे झालंच का, इथे मात्र चूक आमची आहे. त्या वायरमध्ये अगदी मॅगजवळ 30 किलोओमचा रेझिस्टर लागतो, म्हणजे पुढे वायर कुठेही घासली तरी मॅग अर्थ होत नाही, शिवाय पी-लीडवर शे-दोनशे व्होल्टचे झटके येतात ते थेट मीटरवर आदळत नाहीत. मीटरच्या बाजूला लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहते, काही उपयोग नाही. तुमच्या बॉक्समध्ये रेझिस्टर नव्हतेच, पॅकिंगवाल्या मुलाला विचारलं तर म्हणाला पाकिट संपलं होतं म्हणून तसंच पाठवलं (त्याला काय बोललो ते इथे लिहित नाही). आणि वायरिंगचा कागद फक्त इंग्रजीत, तोही मुंगीएवढ्या अक्षरात. माफ करा.

दोन रेझिस्टर हीटश्रिंकसकट आणि नवी शील्डेड वायर आज कुरिअर केलीय, चार्ज नाही. मराठी कागद काल रात्री बसून लिहिला, तोही टाकलाय. लावून बघा, तरी नको वाटला तर मीटर परत पाठवा, पूर्ण पैसे देतो, येण्याजाण्याचं कुरिअर पण आमच्याकडे. स्टार बदला म्हणत नाही. पी-लीड जोडल्याचा एक फोटो मात्र आज नक्की टाका.