कॉपी केस आणि परदेशातला अर्ज : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जात जुनी कॉपी केस लपवू नये, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकावर, उल्लेखच नसेल तर तिकडे कोणाला कळणार, हा पहिला. आणि नोकरीत स्थिरावलेल्या माणसाने विशीतल्या मुलांना स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला का सांगावे, हा दुसरा.

पहिला मुद्दा बराचसा खरा आहे. माझ्या ट्रान्सक्रिप्टवर तिसऱ्या सत्राचे गुण पुढच्या परीक्षेतले दिसतात, एवढेच. कॅल्क्युलेटरच्या झाकणात सापडलेली गणितातल्या लाप्लासच्या सूत्रांची चिठ्ठी, जप्त झालेली उत्तरपत्रिका, तिच्या बदल्यात हातात दिलेली कोरी उत्तरपत्रिका आणि चौकशी समितीपुढे लिहून दिलेला जबाब, यांपैकी काहीही त्या कागदावर नाही. मात्र अर्जाच्या शेवटी दिलेली माहिती पूर्ण व खरी असल्याची जी सही करावी लागते, तिच्याविषयी आपण काहीच लिहिलेले नाही. चिठ्ठीची शिक्षा मी भोगून संपवली होती. खोटी सही हा नव्या विद्यापीठाशी केलेला नवा गैरप्रकार ठरतो आणि त्यापायी मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. शिवाय मला शिफारसपत्र देणारे सर त्याच समितीवर होते, हे मी कसे विसरणार?

दुसऱ्या आक्षेपाबाबत एवढेच सांगतो की मी स्वतः ही केस उघड करूनच सात ठिकाणी अर्ज केले आणि पाच ठिकाणांहून नकार आला. खुलाशाच्या पहिल्या मसुद्यात मी 'मित्राने आग्रहाने चिठ्ठी दिली' असे लिहिले होते. सरांनी त्या वाक्यावर लाल रेघ मारली. उरल्या चार ओळी : काय केले, कधी केले, शिक्षा काय झाली, त्यानंतर काय बदलले.

माझी चूक झाली ती 'सगळे सांगून टाका' असे सरसकट लिहिण्यात. काही विद्यापीठे फक्त निलंबन वा हकालपट्टीविषयी विचारतात, काही कोणत्याही शिस्तभंगाच्या कारवाईविषयी, तर काही विचारतच नाहीत. जे विचारलेलेच नाही ते सांगण्याचे बंधन नाही. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जातही प्रश्न असतो तो अटकेचा वा गुन्ह्यातील शिक्षेचा. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र अधिक जपावे, कारण न्यूयॉर्कमध्ये वकिलीची परवानगी मागताना चारित्र्याची पुन्हा चौकशी होते आणि तेव्हा जुन्या अर्जातील विसंगती महागात पडते.

आपल्या भाच्याचा निकाल काही महिने राखून ठेवला होता आणि पुढे समितीने त्याला निर्दोष सोडले, असे आपण लिहिता. मग 'दोषी ठरला होतात का' या प्रश्नाला त्याचे 'नाही' हे उत्तर पूर्णपणे खरे आहे. 'चौकशी झाली होती का' असे विचारले असेल, तर मात्र 'नाही' हे उत्तर खरे ठरणार नाही. परीक्षा विभागातून त्या आदेशाची शिक्क्यासह प्रत आधी मिळवा आणि अर्जातील प्रश्न तिच्याशेजारी ठेवूनच त्याला खूण करू द्या.