टॅलेंट असेल तर व्हायरल होतंच म्हणे

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात एकाने टाकलं की आजच्या काळात ज्या गायकाला वाटतं मला संधी मिळाली नाही तो आळशी आहे, फोन हातात आहे, डेटा स्वस्त आहे, रोज एक रील टाका, टॅलेंट असेल तर व्हायरल होणारच. खाली अंगठ्यांची रांग. मी इथे डब्लिनच्या लुआस ट्राममध्ये उभ्याने ते वाचलं आणि डोकंच फिरलं, कारण त्याच ग्रुपमध्ये आमची एक मिरजेची मैत्रीण आहे जी इतकी वर्षं जात्यावरच्या ओव्या स्वतःच्या चालीत गाते, शिकवण्या घेऊन घर चालवते, आणि तिने त्यावर एक अक्षर लिहिलं नाही.

ती आळशी? मागच्या दिवाळीत मी तिच्या घरी होते तेव्हा तिचं एक रील होताना बघितलंय. संध्याकाळचं ऊन हवं म्हणून सगळे गच्चीवर, नवऱ्याच्या हातात फोन, मुलीच्या हातात लाइट. गाणं साडेपाच मिनिटांचं, आधी नुसता तंबोरा (मिरजेचाच), मग त्यातून हळूच ओवी वर येते. पण पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही घडलं नाही तर लोक वर सरकवतात, म्हणून तंबोरा गेला, मग मुखडाही गेला, अंतऱ्यातली एक वरची जागा उचलली आणि थेट तिथून सुरू. शेजारच्या कुकरची शिट्टी आली, परत घ्या. तोवर ऊन गेलं. रात्री जेवणं झाल्यावर ती उशिरापर्यंत फोनवर ओवीचे शब्द चिकटवत बसली, कव्हर फोटो, हॅशटॅग, कोणत्या वेळी टाकायचं ह्याचा हिशोब. त्या दिवशी रियाज झाला नाही. आणि अगदी सहज म्हणाली, अगं आता चाल बांधतानाच मनात येतं, ह्यातले कुठले पंधरा सेकंद कापता येतील. मला धस्स झालं. गाणाऱ्या बाईच्या डोक्यात चाल तयार होण्याआधीच कात्री पोचलीये, आणि ह्याला आपण संधी म्हणतोय.

बरं, चाललं रील, पुढे काय? रील बघणारे सगळे पूर्ण गाणं शोधायला जात नाहीत, आणि गेले तरी गाणी ऐकायच्या स्पॉटिफाय ॲपने 2024 पासून नियम केलाय की मागच्या बारा महिन्यांत ते 1,000 वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा पैसा नाही. त्या रकमेतून काही कुणाचं घर चालणार नव्हतं हे मलाही कळतं, पण मग प्रमोशनच्या नावाने रात्र-रात्र जागायचं ते कोणाच्या धंद्यासाठी? ॲपला रोज नवीन माल लागतो, तो आपण फुकट पुरवतो, आणि आपल्याच फॉलोअर्सना आपलंच गाणं दिसावं म्हणून बूस्टचे पैसेही आपणच भरतो.

शिवाय ते फॉलोअर्स तुमचे नसतातच. 29 जून 2020 ला टिकटॉक भारतात बंद झालं तेव्हा ज्या लहान गावातल्या पोरापोरींनी तिथे माणसं जमवली होती त्यांचं सगळं एका रात्रीत गेलं, कुणाचा फोन नंबर नाही, पत्ता नाही, परत शून्यापासून दुसऱ्या ॲपवर. बंदी बरोबर की चूक तो वाद वेगळा. मोठ्यांचंही काही वेगळं नाही, 2022 मध्ये हॅल्सीसारख्या अमेरिकन गायिकेने जाहीर सांगितलं की टिकटॉकवर आधी काहीतरी व्हायरल झाल्याशिवाय रेकॉर्ड कंपनी माझं गाणं काढू देत नाहीये. मग आमच्या मैत्रिणीचं काय घेऊन बसलात.

माझाही एक अनुभव सांगते. आषाढीच्या आधी तुकाराम महाराजांचा अभंग पारंपरिक चालीत म्हणून टाकला होता, फक्त तंबोरा आणि टाळ. दुसऱ्या दिवशी एका म्युझिक कंपनीचा कॉपीराइटचा क्लेम आला आणि माझा आवाज बंद. सतराव्या शतकातला अभंग, पिढ्यान् पिढ्या दिंडीत म्हटली जाणारी चाल, त्यावर कोणाचा हक्क? अपिलाचा फॉर्म भरला, माणूस कोणी भेटलाच नाही, आवाज परत आला तेव्हा एकादशी होऊन गेली होती.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं तर उत्तर आलं, पूर्वी तरी काय मोठं होतं? ठीक आहे, पूर्वीचंही बोलू. आकाशवाणीची ऑडिशन होती, बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाल्यावर 1952 नंतर सिनेमाची गाणी रेडिओवरून जवळपास हद्दपार झाली, लोक ती ऐकायला रेडिओ सिलोन लावायला लागले आणि शेवटी 1957 मध्ये आकाशवाणीला त्यासाठी विविध भारती काढावी लागली. हट्टी लोक होते, मान्य. पण ऑडिशन घ्यायला बसलेला माणूस निदान कानांनी ऐकत होता, नापास केलं तरी ऐकून केलं.

इथे आयर्लंडमध्ये 2022 ला सरकारने 2,000 कलाकारांना आठवड्याला 325 युरो द्यायची योजना सुरू केली, पात्र अर्जांतून लॉटरी काढून. आयरिश भाषेचा रेडिओ 1972 पासून चालू आहे, देश जेमतेम पन्नास-पंचावन्न लाखांचा. आपण मराठी बोलणारे 2011 च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर, आणि आपलं धोरण काय तर रील टाका! इथलेही गाणारे रील टाकतात आणि वैतागतात, ते मी लपवत नाही, पण त्यांना त्याच्या पलीकडे उभं राहायला जागा आहे.

त्यावर एकजण म्हणाला की तिकडे पगारावर बसून बोलायला काय जातंय. खरंय, माझं पोट गाण्यावर नाही. मी महिनाभर काही टाकलं नाही तर काही बिघडत नाही, मैत्रिणीने टाकलं नाही तर तिच्या दोन शिकवण्या जातात. पण म्हणून मला बोलायचा हक्क नाही का? आमच्या कोपऱ्यावरच्या पबात सेशन असतं, म्हणजे लोक जमून आयरिश गाणी-ट्यून वाजवतात, चार ट्यून झाल्या की कोणीतरी मला गायला सांगतं, मी तिचीच एक माहेरची ओवी म्हणते. अख्खा पब गप्प होतो, कोणी फोन काढत नाही, संपल्यावर फिडलवाला म्हातारा फेअर प्ले म्हणतो, म्हणजे शाब्बास. फार बरं वाटतं. पण माहेर म्हटल्यावर तिथे कोणाचा गळा दाटत नाही, आणि मला ते हवं असतं, अजूनही. ज्यांचा दाटेल ते सांगलीत आहेत, आणि ॲप माझा व्हिडिओ आधी डब्लिनला दाखवतं, मग लंडनला, कारण फोन इथे आहे. माझ्या सख्ख्या आत्याला लिंक पाठवल्याशिवाय माझं गाणं दिसत नाही. मी कुठली हे ते ॲप ठरवून मोकळं झालंय, मला ते अजून नीट सांगता येत नाही.

शेवटी ज्याने आळशी लिहिलं होतं तोच म्हणाला, एवढं आहे तर परत ये आणि करून दाखव. येईन की नाही माहीत नाही, दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणते. पण मैत्रिणीचा जानेवारीत सांगलीत कार्यक्रम आहे, दोन तास, पूर्ण गाणी, दोनशे रुपये तिकीट, आणि ग्रुपमधले निम्मे लोक सांगली-कोल्हापुरातच राहतात. पहिलं तिकीट तू काढ, असं त्याला लिहिलंय. अजून काढलेलं नाही, मी रोज विचारतेय.