वडशाला कोणाचा दाखला पाहिजे?

मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, जवळ आली की आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण ठरलेलं. यंदा काडी लावली नागपुरात बंगला बांधून बसलेल्या एका निवृत्त गुरुजींनी. झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या मुलखाचं, नाटक बुडत चाललं आहे, रेकॉर्ड डान्सने त्याची वाट लावली. सरकारने अनुदान द्यावं, पुण्या-मुंबईचे दिग्दर्शक बोलवावेत, तिकडच्या नाट्यगृहांत प्रयोग लावावेत, तेव्हा कुठे याला मान्यता मिळेल, असं त्यांचं म्हणणं. खाली अंगठ्यांची रांग. माझं डोकंच सणकलं. इकडे मँचेस्टरात हीटन पार्कपासून व्हिक्टोरियापर्यंत ट्राममध्ये मी नुसता उत्तर टाइप करत होतो.

मान्यता कोणाची, गुरुजी? धान चुरून झालं की गावोगावची मंडळं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जातात, तिथल्या नाट्य कंपन्यांतली एक ठरवतात, करार करतात, तिकिटं छापतात. तोटा आला तर मंडळाच्या पोरांच्या बोकांडी. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. लेकी-जावई, व्याही, सगळे त्या रात्रीसाठी गावात. खाली तणस, तणसावर बोरा, अंगावर चादर, आणि विंगेत वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर, ज्याचा आवाज पुढच्या रांगेला नटाच्या आधी ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी चहावर सोयरिकी जुळतात. पुण्यातल्या कोणत्या नाटकाने एक तरी सोयरीक जुळवली, सांगा. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा याच ग्रुपवर लोकांना एकदम अभिमान फुटला. त्याच्या आधी त्यांची नाटकं ओस पडत होती की काय?

मी राहतो मँचेस्टरजवळच्या प्रेस्टविचला. इथल्या एका चिप शॉपच्या भिंतीवर मार्क ई. स्मिथचा भलामोठा चेहरा रंगवलेला आहे. हा माणूस गोदीत कारकून होता. 1976 साली त्याने इथेच मित्रांना घेऊन ‘द फॉल’ नावाचा बँड काढला. पंक रॉकची लाट ओसरल्यावर जे कोरडं, खरखरीत, एकच चाल धरून ठेवणारं संगीत आलं, ज्याला पोस्ट-पंक म्हणतात, त्यातलं हे बिनीचं नाव. पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड केला. पुढे तीसच्या वर अल्बम, बहुतेक छोट्या छोट्या कंपन्यांकडून. बँडमध्ये येऊन गेलेली माणसं साठाच्या वर. शेवटपर्यंत टिकला तो स्मिथ एकटाच. चालू कार्यक्रमात दुसऱ्याच्या अ‍ॅम्प्लिफायरची बटणं फिरवायची खोड. वडशाचा एखादा कंपनीमालक आठवावा, नट पळाला तर ऐनवेळी दुसरा उभा करणारा. 2017 च्या शेवटी स्मिथ व्हीलचेअरवर बसून गायला, 24 जानेवारी 2018 ला गेला, आणि बँड तिथेच संपला. आपली उत्तरेकडची बोली त्याने लंडनसाठी कधी घासूनपुसून घेतली नाही. लंडनच त्याच्याकडे आलं.

हे सगळं मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. नव्वदच्या सुरुवातीची दोन-तीन वर्षं हा बँडही एका बड्या कंपनीच्या लेबलवर होता, तेवढं लिहिलं नाही. वादात दुसऱ्याचं काम आपण कायले करायचं?

पण माझा भाचा एका नाट्य कंपनीत ऑक्टोपॅड वाजवतो. त्याने कुठूनतरी वाचून काढलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “मामाजी, या बँडला बीबीसीचा रेडिओ निवेदक जॉन पीलने चोवीस वेळा रेडिओवर वाजवायला बोलावलं म्हणतात. स्टुडिओ बीबीसीचा, मानधन बीबीसीचं. बीबीसीचे पैसे लोक टीव्हीसाठी भरतात त्या लायसन्स फीचेच ना जी? मंग अनुदान म्हणजे आणखी काय असते?”

मी म्हटलं, ती कामाची मजुरी होती, कोणी खैरात केली नव्हती. त्यावर तो म्हणाला, “आमालेही मजुरीच पायजे जी. नागपूरच्या आकाशवाणीवर हंगामाला चोवीस नाही, दोन वेळा तरी बोलवा.” गुरुजींनी त्याला टाळ्या दिल्या. माझ्या बाजूने कोणी नाही.

खरं सांगायचं तर स्मिथ जिवंत असताना मी त्याचं एक गाणं ऐकलं नव्हतं. तो गेल्यावर इंग्रजी पेपरांत पानंच्या पानं आली, मग भिंत रंगली, मग मी ऐकायला लागलो. त्याचे निम्मे शब्द मला अजून कळत नाहीत. पबमधले शेजारी म्हणतात, आम्हालाही कळत नाहीत, पण त्यांच्या न कळण्यात आणि माझ्या न कळण्यात फरक आहे, तो त्यांनाही ठाऊक आहे. नागपूरच्या होस्टेलात पहिल्याच वर्षी माझ्या बोलण्यातून ‘जी’ गळालं. पोट्टे हसायचे. झाडीपट्टी म्हटलं की मी विषय बदलायचो, नाटक आवडतं म्हणायची सोय नव्हती. गुरुजींना पुण्याचा दाखला हवा आहे. मला प्रेस्टविचचा लागला, एवढाच काय तो फरक, आणि तो फार मोठा आहे असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

तरी पुण्याचे दिग्दर्शक नकोच, यावर मी ठाम आहे. मंडळाने देणगी मागितली, पत्रिकेत ‘सौजन्य : लंडन’ छापतो म्हणाले. लंडन इथून दोनशे मैल, हे सांगून थकलो. मी कळवलं, देणगी देत नाही. पुढच्या रांगेची तिकिटं विकत घेतो, ज्याला बसायचं त्याला बसवा. भाच्याचं उत्तर आलं, “पैसे पाठवा मामाजी, पण पुढची रांग कवाचीच फुल आहे. तुमाले मागची भेटन.”