प्रोसेसरला पुदिन्याचा वास

ताईच्या कॉम्प्युटरचा कूलर, म्हणजे प्रोसेसरला थंड ठेवायला त्याच्यावर बसवलेला पंख्याचा ठोकळा, उचलला आणि आतून पुदिन्याचा वास आला. भावोजी मागेच उभे होते, पण काही बोलले नाहीत. मीही गप्प बसलो. थोरल्या बहिणीचे यजमान, त्यांना काय सुनावणार?

ताई कळव्यात घरूनच डीटीपीची कामं घेते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका. चार दिवस मशिन रखडत होतं, एक पीडीएफ निघेपर्यंत चहा होऊन कपबशा विसळून व्हायच्या, म्हणून तिनं बोलावलं. या सगळ्याचं मूळ सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. तुमच्याकडेही आला असेल: 'मुंबई-ठाणेकरांनो सावधान! छोटा एअर कूलर म्हणजे कॉम्प्युटरचा मृत्यू!' खाली सहा मुद्दे. एक, लहान एअर कूलर (खोलीतला नव्हे, प्रोसेसरवरचा) आपल्या हवेत चालत नाही, पंपानं द्रव फिरवणारा लिक्विड कूलरच हवा. दोन, ७० अंशांच्या वर प्रोसेसर जळतो. तीन, दमट हवेनं कूलरला पाणी सुटून शॉर्ट सर्किट होतं. चार, थर्मल पेस्ट ही लूट आहे, टूथपेस्ट लावा. पाच, कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन सोडा. सहा, दर महिन्याला धूळ काढा. आणि शेवटी अर्थातच 'जनहितार्थ'.

चौथ्यापासूनच सुरुवात करतो, कारण डोकं तिथंच फिरलं.

प्रोसेसरचं वरचं झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना सपाट दिसतात, पण दोन्हींवर बारीक खाचखळगे असतात. एकमेकांवर ठेवले की त्या खळग्यांत हवा अडकते, आणि हवा उष्णतेच्या बाबतीत महाआळशी. पाण्यातून उष्णता जेवढी जाते, त्याच्या जेमतेम वीस-पंचविसाव्या हिश्शानं ती हवेतून जाते. थर्मल पेस्टचं काम एवढंच, की ते खळगे भरायचे आणि वर्षानुवर्षं भरलेले ठेवायचे.

टूथपेस्ट म्हणजे काय? पाणी, ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल, फेस आणणारा साबणासारखा पदार्थ आणि दात घासायला खडूची किंवा सिलिकाची बारीक भुकटी. ओली असते तोवर ती खळगे भरते, म्हणून पहिल्या दिवशी तापमान चक्क बरं दिसतं. मेसेजमधली ही अर्धी गोष्ट खरी आहे, आणि घोळ तिथंच होतो. भावोजींनी लावली त्या संध्याकाळी आकडा ६६ होता. "बघ, दोनशे रुपये वाचवले," असं ताईला सांगूनही झालं. पण प्रोसेसरचं डोकं म्हणजे मंद आचेवरचा तवाच. पाणी उडालं, उरलेल्या भुकटीला भेगा पडल्या, भेगांत पुन्हा हवा. मी पोचलो तेव्हा कोरलड्रॉमध्ये एक फाइल उघडली की आकडा थेट ९५ वर जाऊन चिकटत होता आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करत होता. म्हणून चार दिवसांचं ते रखडणं.

खरा धोका तर पुढेच. ताईचं मशिन एएम४ सॉकेटचं (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा). त्यात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, आणि वाळून घट्ट बसलेला कूलर सरळ वर ओढला तर लिव्हर लावलेला असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो. शेकड्यांनी पिना, प्रत्येक केसाएवढी. एक वाकली तरी सुईनं सरळ करत बसा, मोडली तर नवा प्रोसेसर घ्या. आणि हे सगळं कशासाठी, तर दोन-चारशे रुपयांची ट्यूब वाचवायला! त्या ट्यूबमध्ये ताईची पुढची पाच वर्षं निघतील, कारण एका वेळी मटारच्या दाण्याएवढी लागते.

आता ७० अंशांचा बागुलबुवा. ताईकडे एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आहे. एएमडीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्याचं पान उघडा, फार खाली जावं लागत नाही. ठरलेली उष्णता ६५ वॉट. चालण्याची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सियस. आणि सोबत डब्यात काय देतात? रेथ स्टेल्थ, म्हणजे जेमतेम साडेपाच सेंटिमीटर उंचीचा, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर पंखा बसवलेला साधा एअर कूलर. ज्यांनी प्रोसेसर बनवला तेच हा देतात. मेसेज लिहिणाऱ्याला त्यांच्याहून जास्त कळत असेल तर त्यानं तसं एएमडीला कळवावं, आमच्या ताईला कशाला? शिवाय मर्यादा गाठली तरी प्रोसेसर जळत नाही, आधी वेग उतरवतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशिन बंद पडतं. इंटेलच्या १२व्या पिढीतल्या आय५-१२४०० ची मर्यादा तर १०० अंश आहे. ७० हा आकडा कुठून काढला, देव जाणे.

लिक्विडचं म्हणाल तर, लिक्विड कूलरमधली उष्णता शेवटी जाते कुठं? त्याच्या रेडिएटरवर, म्हणजे तो द्रव थंड करणाऱ्या जाळीवर, पंखे असतात आणि ते तुमच्या खोलीतलीच हवा फेकतात. खोलीत ३४ अंश असतील तर दोन्ही प्रकारांची सुरुवात ३४ च्या वरूनच. म्हणून मे महिन्यातला आकडा जानेवारीपेक्षा काही अंशांनी जास्त दिसतो. त्यात कूलर बिघडलेला नसतो, ऋतू बदललेला असतो. आणि गंमत म्हणजे चांगल्या छोट्या एअर कूलरमध्येही पाणी असतंच. त्याच्या तांब्याच्या हीट पाइपमध्ये हवा काढून पाण्याचे काही थेंब भरलेले असतात. खालच्या टोकाला त्याची वाफ होते, वरच्या टोकाला पुन्हा पाणी होतं आणि आतल्या अस्तरातून ते परत खाली येतं. पंप नाही, नळी नाही. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-एल९ए हा छोटा एअर कूलर पंख्यासकट ३७ मिलिमीटर उंच आहे आणि तो याच तत्त्वावर चालतो. पंखा गेला तर पंखा बदला, बाकी त्यात बिघडायला आहे काय? वरून खाली वारा मारणारा असल्यामुळे आजूबाजूच्या रॅमला आणि मदरबोर्डच्या पॉवरच्या भागालाही फुकट वारा मिळतो.

ताईनं मात्र २४० मिलिमीटर रेडिएटरचा, साडेसात हजारांचा लिक्विड कूलर कार्टमध्ये टाकून ठेवला होता. तिच्या पुस्तकाच्या कप्प्यात बसणाऱ्या कॅबिनेटमध्ये तो तिरका घातला तरी मावला नसता.

हां, एक मान्य करतो, नाइलाजानं. आय९-१३९००के सारखा, भरात २५३ वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर घेतला असेल तर त्याच्यावर ३७ मिलिमीटरचा कूलर ठेवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीला घरचा कुकर. तिथं मोठा टॉवर, म्हणजे उंच एअर कूलर, किंवा लिक्विड हवाच. आणि छोटा पंखा जोरात फिरतो, त्यामुळे भार आला की आवाजही करतो. पण लग्नपत्रिका बनवणाऱ्याला २५३ वॉट कशाला लागतात?

दमट हवा आणि शॉर्ट सर्किट. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, कारण ती खोलीपेक्षा थंड असते. गरम चहाच्या पेल्याला बाहेरून कधी घाम आलेला पाहिलात? कूलर चालू असताना खोलीपेक्षा गरमच असतो. संपला विषय.

टेबलफॅननं आकडा उतरतो, खोटं नाही. पण घोडबंदर रोडला आणि आता आमच्या आजूबाजूलाही जी बांधकामं चालली आहेत, ती धूळ उघड्या मदरबोर्डवर पंख्यानं नेमून पेरायची? आणि एकदा धूळ पेरली की मग सहावा मुद्दा! धूळ काढा हे बरोबर, फक्त महिन्याला नको, तीन-चार महिन्यांनी पुरे. पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा, म्हणजे तो वेड्यासारखा फिरणार नाही.

ज्यांनी आधीच टूथपेस्ट थापली आहे त्यांच्यासाठी: मशिन बंद करा, प्लग काढा, कूलरचे स्क्रू आळीपाळीनं सैल करा. सरळ वर ओढू नका. डावीकडे, उजवीकडे हळूहळू पिळत सोडवा. सुटला की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडानं दोन्ही बाजू पुसा, वास जाईपर्यंत. ताईच्या मशिनला तीनदा पुसावं लागलं. तिसऱ्या वेळी कापड भावोजींनीच मागून घेतलं.